पत्र्याचा गोठा

२०२५ च्या एप्रिलमधली गोष्ट. दुपारी दोनच्या सुमारास मी ऑफिसात एका मीटिंगमध्ये बसले होते आणि बापूचा व्हिडिओ आला. बापू म्हणजे माझा धाकटा चुलतभाऊ. व्हिडिओ बरोबर एक मिनिटाचा. त्यात दुसरं काही नाही, फक्त एका गाईची कूस. वर-खाली, वर-खाली. मागे कुठेतरी कावळा ओरडतोय. खाली लिहिलेलं, "ताई, मोज." मी टेबलाखाली मोबाईल धरून मोजलं. अठ्ठावन्न. "५८. अंगावर पाणी मार आणि वारा लागतोय का बघ," असं लिहून पाठवलं आणि मान वर केली तर समोरचे साहेब माझ्याकडेच बघत होते. त्यांना काय सांगणार, गाईचे श्वास मोजत होते म्हणून?

हे मोजायचं वेड आम्हा दोघांना २०२२ च्या मे महिन्यात लागलं. त्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. टाळत होते, कारण त्यात चूक माझी आहे आणि ती अजून कोणी माझ्या तोंडावर बोललेलं नाही. बापू हे वाचेल आणि काकूला वाचून दाखवेल, तेही माहीत आहे. वाचू दे.

आमचं गाव परभणी जिल्ह्यात, दुधनेच्या काठाला. काठाला म्हणायचं एवढंच, मार्च उलटला की पात्रात वाळू आणि वेड्या बाभळी. वडिलांच्या नोकरीमुळे आम्ही पुण्याला आलो आणि इकडचेच झालो. शेती, ढोरं सगळं मोठे काका, म्हणजे आप्पा बघतात. शेतात आमचा आखाडा आहे. (पुण्यातल्या मैत्रिणींना आखाडा म्हटलं की पैलवान आठवतात. आमच्याकडे आखाडा म्हणजे शेतात ढोरं बांधायची, कडबा रचायची, औतं-अवजारं ठेवायची जागा. सालगडीही तिथेच राहतो.) आखाड्यावर पूर्वी छपराचा गोठा होता. लाकडाच्या मेढी, वर पऱ्हाट्या आणि त्यावर उसाच्या पाचटाचा हातभर जाड थर. बाजूला तुराट्यांचा कूड, तोही अर्धामुर्धा, म्हणजे वारा कुठूनही यायचा. शेजारी लिंबाचं थोरलं झाड, त्याच्या फांद्या पार छपरावर आलेल्या. लहानपणी मे महिन्यात गावी गेलं की भर दुपारी झोपण्यासारख्या दोनच जागा. एक घरात माळवदाखाली आणि दुसरी आखाड्यावर त्या छपरात, बाजेवर, ढोरांच्या शेजारी. शेणाचा, कडब्याचा वास आणि गाई रवंथ करतानाचा तो संथ आवाज. मला आजही झोप येत नसली की तोच आवाज आठवते.

आता हे सगळं मे महिन्यात छान. पावसाळ्यात तेच छपर गळायचं. दर दोन-तीन वर्षांनी शाकारायला लागायचं आणि शाकारणारी माणसं मिळेनाशी झाली होती. पाचटात उंदीर, उंदरामागे साप. काकू श्रावणात घोटाभर चिखलात उभी राहून धारा काढायची. मी दर वर्षी बघायचे आणि दर वर्षी म्हणायचे, आप्पा, पक्का गोठा बांधून घ्या. आप्पा म्हणायचे, "बघू की."

२०२१ च्या दिवाळीत माझ्या हातात जरा बरे पैसे आले. मी आप्पांना विचारलं नाही, सांगितलं. एक लाख चाळीस हजार पाठवले आणि बापूला म्हटलं, तू मागे लाग. जानेवारी २०२२ मध्ये गोठा उभा राहिला. लोखंडी खांब, चकचकीत पत्रे, तीस फूट लांब, पंधरा फूट रुंद, उंची जेमतेम आठ फूट. उंची कमी ठेवली की वाऱ्याने पत्रे उडत नाहीत आणि खर्चही वाचतो, असं बांधणाऱ्याचं म्हणणं. रस्त्याच्या कडेने सरळ रेषेत दिसावा म्हणून तो दक्षिणोत्तर घेतला. पावसाची झड येऊ नये म्हणून पूर्व-पश्चिम दोन्ही बाजूंनी कमरेएवढी वीट आणि वर पत्रा. आणि लिंबाची फांदी पत्र्यावर घासेल, पाला साचून पत्रा गंजेल म्हणून लिंब अर्ध्यावर तोडला. ते फोनवर मला विचारलं होतं. मी म्हटलं, तोडा की, एवढं काय.

नारळ फोडायला मी गेले होते. थंडी होती, शाल पांघरून उभी होते. गोठा इतका उबदार, इतका कोरडा वाटला की मी फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला. आत्याने लिहिलं, "लेक असावी तर अशी." तो निरोप मी कितीतरी दिवस पुसला नव्हता.

तेव्हा गोठ्यात पाच जनावरं होती. लाल कंधारी जातीची एक तांबडी गाय, घरचीच, तिच्या आजीपासून आमच्याकडे. एक मराठवाडी म्हैस. बैलजोडी. आणि कबरी. कबरी म्हणजे होल्स्टिन संकराची काळी-पांढरी गाय. (आमच्याकडे असल्या सगळ्याच गाईंना सरसकट 'जर्शी' म्हणतात.) आप्पांनी ती २०२० मध्ये नगरकडून आणली होती, पासष्ट हजारांना, कर्ज काढून. तांबडी दोन्ही वेळचं मिळून तीन लिटर द्यायची, कबरी चौदा. बापूच्या कॉलेजची फी, काकूच्या बचत गटाचा हप्ता, किराणा, सगळं डेअरीच्या दर दहा दिवसांच्या पगारावर चालायचं आणि तो पगार म्हणजे कबरी.

त्या वर्षी उन्हाळा लवकर आला. भारतात १९०१ पासून तापमानाच्या नोंदी आहेत, त्यात तोवरचा सगळ्यात गरम मार्च २०२२ चा निघाला. एप्रिलमध्ये भारनियमन सुरू झालं. मे महिन्यात मी चुलत बहिणीच्या लग्नाला गावी गेले. (मराठवाड्यात मे महिन्यात दुपारी साडेबाराच्या मुहूर्तावर लग्न का लावतात, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. मंडपात माणसं पत्रिकेनेच वारा घेत बसतात.) कबरी तेव्हा गाभण होती, आठवा महिना सुरू. दूध आटवलेलं. आता इथे लक्ष द्या. गोठ्यात एकच पंखा होता आणि तो म्हशीच्या बाजूला लावला होता, कारण म्हैस दुधात होती. कबरी दूध देत नाही म्हणून तिला पश्चिमेच्या टोकाला, पत्र्याच्या भिंतीलगत बांधलेलं. आटलेल्या गाईचे लाड कोण करतो? सालगड्याने अकराला सगळ्यांना पाणी पाजलं, पेंड-कडबा टाकला आणि तोही लग्नाच्या पंगतीला आला. आम्हीच बोलावलं होतं.

चारच्या पुढे आम्ही आखाड्यावर पोचलो. मी गोठ्यात पाऊल टाकलं आणि मागे आले. भाकरी भाजताना चुलीजवळ तोंड नेल्यावर लागते तशी धग, फक्त ती वरून येत होती, डोक्यावरून. म्हैस लिदीत लोळलेली. तांबडी उभी होती, धापत होती, पण तोंड मिटून. कबरी मात्र खाली बसली होती, मान लांब ताणलेली, जीभ पुरती बाहेर, तोंडातून लाळेच्या तारा जमिनीपर्यंत. कूस इतकी भराभर हलत होती की मोजायचं म्हटलं तरी जमलं नसतं. काकू ओरडली, "अहो, कबरी कशी करायली बघा!" आप्पांनी आधी दावं कापलं. सोडलं नाही, विळ्याने कापलं.

लाईट नव्हती, म्हणजे बोअर बंद. टाकी काळी, प्लॅस्टिकची, दिवसभर उन्हात. तोटी सोडली तर हाताला चटका बसेल असं पाणी. मी म्हटलं, हे नको, आणखी भाजेल. बापू शेजारच्या विहिरीवर पोहरा घेऊन पळाला. आप्पांनी जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते दुसऱ्या गावी होते, तास लागेल म्हणाले, पण फोन ठेवला नाही. त्यांनी जे सांगितलं ते मला शब्दाशब्दासकट आठवतं. म्हणाले, टाकीचं पाणी गरम असलं तरी ओता, वाट बघू नका. पार कातडीपर्यंत भिजवा आणि वारा घाला. गारवा पाण्याने नाही येणार, पाणी उडून जाताना येईल.

माठाचंच तत्त्व. आपल्याकडची हवा मे महिन्यात इतकी कोरडी असते की कोमट पाणीसुद्धा अंगावरून उडून जाताना अंगातली उष्णता ओढून नेतं. हे मला शाळेत शिकवलं होतं, मी त्यावर मार्कही मिळवले होते. पण त्या क्षणी गरम पाण्याची बादली हातात घेऊन मी नुसती उभी होते.

काकूने ओलं पोतं गाईच्या पाठीवर टाकलं, तेही त्यांनी काढायला लावलं. पोतं वाळत आलं की वारा अडवतं, अंगाची वाफ आतच राहते. तर आम्ही ओतत होतो आणि आप्पा लग्नाचं उपरणं दोन्ही हातांनी धरून वारा घालत होते. मी लग्नातल्या साडीतच होते, भिजले, कोणाला काही वाटलं नाही. दहा-पंधरा मिनिटांनी कबरी आपण होऊन उठली. तिला धरून धरून त्या तोडलेल्या लिंबाखाली नेलं. जेवढी सावली होती तेवढीत ती कशीबशी मावली. डॉक्टर साडेपाचला आले. गाईच्या अंगाचं नेहमीचं तापमान एकशे एक-दीड फॅरनहाइटच्या आसपास असतं, सेल्सिअसमध्ये साडेअडतीस. इतकं पाणी ओतल्यावरही कबरीचं १०६ भरलं. त्यांनी सलाईन लावलं. लिंबाच्या उरलेल्या एका फांदीला बाटली टांगली.

रात्री तिथेच बाजा टाकल्या. डॉक्टर जाताना बापूला शिकवून गेले, घड्याळ लावून कुशीचे श्वास मोजत जा. शांत उभ्या गाईचे मिनिटाला वीस-तीस असतात. साठच्या वर गेले की तिला ऊन सोसवत नाही असं समज. ऐंशी-शंभर झाले, तोंड उघडलं, जीभ बाहेर आली, की मग धावपळ. आम्ही आळीपाळीने रात्रभर मोजत होतो. शहाण्णव. अठ्ठ्याऐंशी. नव्वद. पहाटे तीनला बहात्तर. आप्पा झोपले नाहीत आणि बोललेही नाहीत.

पुण्याला आल्यावर मी वाचायला घेतलं. अपराधी वाटलं की मी वाचत सुटते, ही माझी जुनी खोड. जितकं वाचलं तितकं वाईट वाटत गेलं, कारण आम्ही जे जे केलं होतं ते नेमकं उलटं होतं.

गाय म्हणजे एक चालती भट्टी असते. तिच्या पोटात चारा कुजतो-आंबतो त्याची उष्णता चोवीस तास तयार होत असते. जास्त दूध देणारी जास्त खाते, म्हणून तिची भट्टी मोठी. वाळल्या चाऱ्याने ही आतली उष्णता अधिकच होते आणि ती खाल्ल्याबरोबर नाही तर काही तासांनी चढते. म्हणजे अकराला टाकलेला कडबा बरोबर दोन-तीनच्या उन्हात पेटणार. होल्स्टिन गाय युरोपातल्या थंड मुलखातली, तिला पंचवीस अंशांपर्यंत बरं वाटतं. आमच्याकडे मे महिन्यात पहाटेच त्याच्यावर असतं. तापमान आणि हवेतली आर्द्रता मिळून एक निर्देशांक काढतात, तो ७२ च्या वर गेला की दुधाळ गाईला त्रास सुरू. मी त्रेचाळीस अंश आणि वीस टक्के आर्द्रता घालून हिशेब केला. जवळजवळ ८७ आले. आणि हे बाहेरच्या सावलीतल्या हवेचं. पत्र्याखालचं वेगळंच. तापलेला आठ फुटांवरचा पत्रा नुसती हवा तापवत नाही, शेगडीसारखा थेट जनावराच्या पाठीवर उष्णता फेकतो.

तांबडी का टिकली तेही कळलं. आपल्या देशी गाईंना घामाच्या ग्रंथी जास्त आणि चांगल्या कामाच्या, केस आखूड, गळ्याखाली पोळी लोंबती, म्हणजे उष्णता बाहेर टाकायला कातडी भरपूर. शिवाय दूध कमी, म्हणून भट्टीही लहान. म्हशीचं उलट. काळी कातडी, घामाच्या ग्रंथी फारच कमी, म्हणून तिला डोह लागतो. डोह नसेल तर ती स्वतःच्या लिदीत लोळते, आणि आपण म्हणतो म्हैस घाणेरडी. लाळ गळते त्याचंही असंच. मी समजले तोंडाला पाणी सुटतं तसं काहीतरी. लाळेत सोडा असतो, पोटातलं आंबणं ताब्यात ठेवणारा. तो सगळा जमिनीवर गळून जातो आणि मग पोट बिघडतं. उन्हाळ्यात खाद्यात खायचा सोडा आणि मीठ घालतात ते म्हणून.

पण मला खरा धक्का बसला तो आटलेल्या गाईबद्दल वाचून. अमेरिकेत फ्लोरिडाच्या विद्यापीठात यावर बरीच वर्षं काम झालं आहे. विण्याआधीच्या दोन महिन्यांत, म्हणजे गाय दूध देत नसताना, तिला उन्हाचा त्रास झाला तर कासेत दूध बनवणारी पेशीची घडणच नीट होत नाही. वासरू लवकर होतं, कमी वजनाचं होतं. व्याल्यावर गोठा कितीही थंड ठेवा, त्या वेताचं दूध कमीच राहतं. आणि ती कालवड मोठी होऊन व्याली तर तिचंसुद्धा दूध कमी भरतं. म्हणजे पंखा कोणाला लावायचा होता?

कबरी जूनच्या मध्यावर व्याली, दिवस भरायच्या आधी. कालवड झाली. काकू म्हणाली, "शेळीचं करडू वाटावं एवढीशी हाय बघ." पहिले काही दिवस तिला उभं राहून पिता येईना, काकू बाटलीने पाजायची. ती जगली. कबरीचं दूध मात्र चौदावर गेलंच नाही, नऊवर अडकलं. पुढे ती माजावर येऊनही ठरेना. तीनदा भरवली, तीनदा उलटली. बापूची दुसऱ्या वर्षाची फी भरायला आप्पांनी बैलजोडी विकली. ट्रॅक्टरच्या जमान्यात बैल तसेही बसून खातात, असं म्हणाले. २०२३ च्या पोळ्याला आमच्या दावणीला पहिल्यांदा बैल नव्हते. मातीच्या बैलांची पूजा केली. ही बातमी मला आप्पांनी नाही, आईने दिली.

मी एकदा फोनवर काकूला म्हणाले, "काकू, तो गोठा मीच..." तिने वाक्य पुरं करू दिलं नाही. "तू चांगल्यासाठीच पैसे दिलेस की बाई. पावसाळ्यात पाय कोरडे राहायलेत माझे." ती मनापासून म्हणाली असेल. पण मला त्या वेळी कोणीतरी रागावायला हवं होतं.

गोठा पाडायचा प्रश्न नव्हता, तेवढे पैसे कोणाकडे? मग २०२३ च्या फेब्रुवारीत आम्ही त्याची दुरुस्ती काढली. मी आठवडाभर सुट्टी घेऊन गेले आणि या वेळी आधी आप्पांना विचारलं. ते गोठ्याभोवती दोनदा फिरले आणि म्हणाले, "पहिल्यांदा ह्या भिंतीचे पत्रे काढा." दोन्ही बाजूंचे विटेवरचे पत्रे काढले. विटाही वरून दोन थर उतरवल्या. मधला कणा फूटभर उघडला, वर छोटी टोपी घातली, म्हणजे गरम हवा वरून निघून जाते आणि पाऊस आत येत नाही. गोठा पूर्व-पश्चिम असता तर सूर्य आढ्यावरून गेला असता. आमचा दक्षिणोत्तर, त्यामुळे दुपारचं ऊन पश्चिमेने सरळ आत. ते आता बदलता येत नाही. तिकडे हिरवी जाळी लावली आणि उन्हाळ्यात त्याला गोणपाटं टांगून दुपारी भिजवायची. मात्र बाकीच्या बाजू उघड्या हव्यात, नाहीतर आत नुसता दमटपणा कोंडतो आणि तो कोरड्या उन्हाहून वाईट.

पत्र्यावर काय टाकायचं यावरून वाद झाला. मी वाचलं होतं, कडबा अंथरा. आप्पा हसले, पहिल्यांदाच. "आगं माय, पेंढीचा भाव काय हाय? ढोरांचं खाणं वर टाकून ढोरं खाली उपाशी ठेवू का?" शिवाय वाळल्या कडब्यावर विडीची एक ठिणगी पडली की आखाडा गेला. शेवटी तुराट्या आणि पाचट, वरून तारेने बांधून, आणि टोकाकडच्या पत्र्यांना चुन्याचा पांढरा हात. मृग लागायच्या आधी ते सगळं खाली काढायचं, नाहीतर कुजतं आणि खरंच पत्रा गंजतो. म्हणजे दर वर्षीची शाकारणी चुकली नाहीच. ती चुकवायला मी दीड लाख घातले होते :-)

टाकी लिंबाखाली हलवली, पाइप जमिनीत गाडला. तिथेच एक सिमेंटचा हौद. आणि सगळ्यात मोठा बदल आप्पांनी स्वतः केला. गोठ्याला लागून तारेचं कुंपण घालून ढोरं मोकळी सोडली. मुक्त गोठा म्हणतात त्याला, आपल्याकडे आता बरेच जण करतात. मला वाटायचं ते मजुरी वाचवायला आहे. आप्पा म्हणाले, "त्या दिवशी कबरी सुटी असती तर आपली आपण लिंबाखाली गेली असती. पाण्यावर गेली असती. तिला कळत होतं की. आपण बांधून ठेवलं." त्या दिवसाबद्दल ते एवढंच बोललेत, आजपर्यंत.

चारा टाकायच्या वेळाही बदलल्या. पहाटे हिरवं, वाळलं सगळं रात्री. मी हे अमेरिकन संशोधनाच्या थाटात सांगायला लागले तर आप्पांनी सांगितलं की आजोबा उन्हाळ्यात पसर चारायचे. पसर म्हणजे पहाटेच्या अंधारात गुरं चरायला नेणं. रात्री दोन-तीनला उठून बैल घेऊन जायचे, उजाडता परत, ऊन चढायच्या आत औत सुटलेलं. दुपारी ढोरं सावलीत नुसती रवंथ करत बसलेली. म्हैस डोहात. म्हणजे हे सगळं घरात होतं, फक्त छपराबरोबर तेही आम्ही उतरवून टाकलं होतं. आता पसर चारायला ना रान मोकळं राहिलंय ना रात्री उठणारं माणूस. कबरीसारखी गाय तर आजोबांनी दारात उभी केली नसती. पण तीन लिटरवर बापू कॉलेजात गेला नसता, हेही आहे. मला देशी गाईंचे गोडवे गाणाऱ्यांचा हल्ली कंटाळा येतो, आणि चौदा लिटरवाल्यांचाही.

जाता जाता एक गंमत. आपल्याकडे ओझी वाहणाऱ्या जनावरांसाठी १९६५ चे नियम आहेत. जिथे तापमान सदतीस अंशांवर जातं तिथे दुपारी बारा ते तीन जनावर कामाला जुंपायचं नाही, असं त्यात लिहिलेलं आहे. मी हे आप्पांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, माणसांसाठी असं काही लिहिलंय का बघ. आमच्या हळदीच्या शेतातल्या बाया तेव्हा दीड वाजता बांधावर भाकरी सोडून बसल्या होत्या.

माझ्या सासरी, रत्नागिरीकडे, सासूबाईंचा याच्या उलट अनुभव. तिकडे पारा सहसा तेहतीस-चौतीसच्या वर जात नाही, पण हवेत पाणीच इतकं की अंगावर मारलेलं उडून जात नाही. तिथे पंख्याशिवाय नुसतं पाणी मारून भागत नाही. आमच्याकडेही पहिला पाऊस पडला की लोक सुटलो म्हणतात आणि पंखे बंद करतात. २०२५ मध्ये मे महिन्यातच पाऊस सुरू झाला तेव्हा बापूने हेच केलं होतं. पारा उतरला, पण गाईचे श्वास सत्तरवर. मग दोन दिवस पाणी बंद आणि पंखा दिवसरात्र.

कबरी २०२३ च्या दिवाळीनंतर विकली. कोणाला, कशाला, मी विचारलं नाही. ती करडाएवढी कालवड मात्र ठेवली. काकूने तिचं नाव 'चिमी' ठेवलंय, आणि आता ती चांगली थोराड झाली तरी चिमीच. २०२५ च्या जानेवारीत ती पहिल्यांदा व्याली. दहा लिटर देते. कमी आहे का, जास्त आहे, कबरीला ते ऊन लागलं नसतं तर हिने किती दिलं असतं, हे मी मनातल्या मनात मोजत बसते. आप्पांना विचारलं तर म्हणतात, "देती तेवढं देती."

बापूने पाठवलेला तो व्हिडिओ चिमीचाच होता. तासाभराने त्याने दुसरा पाठवला. अंग ओलं, लिंबाखाली उभी. त्या तोडलेल्या बुंध्यातून तीन वर्षांत चांगले जाड फुटवे आलेत, ते व्हिडिओच्या एका कोपऱ्यात दिसतात. मीटिंग संपली होती. मी जिन्यात उभी राहून मोजलं. चौतीस.